कानातील रोपणाची जागा प्रतिमांवरून कशी पडताळतात : पालकांसाठी मार्गदर्शन

दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू न येणाऱ्या आणि श्रवणयंत्राचाही पुरेसा उपयोग न होणाऱ्या बालकांवर केली जाणारी कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया मराठवाड्यातील खेड्यापाड्यांना आता अनोळखी राहिलेली नाही. परभणी-परळी रेल्वेमार्गावरील आणि नृसिंहाच्या देवस्थानामुळे ओळखल्या जाणाऱ्या पोखर्णीसारख्या गावातील कुटुंबाला या शस्त्रक्रियेसाठी सहसा मोठे शहर गाठावे लागते. शस्त्रक्रिया आटोपून परत निघताना पिशवीत औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर एक्स-रेची फिल्म, स्कॅनची सीडी आणि यंत्राचे ओळखपत्र असते. या फिल्मवर काय दिसते, ती कशासाठी काढली जाते, पुन्हा काढण्याची वेळ केव्हा येते आणि तोवर ती जपून का ठेवावी, याची माहिती पालकांना असेल, तर पुढच्या कित्येक अडचणींत योग्य वेळी योग्य डॉक्टरांकडे जाणे सोपे होते.

या विषयाच्या मुळाशी एक साधा भेद आहे. एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांच्या प्रतिमा ‘कानात बसवलेली रोपणाची तार कोठे आहे’ या प्रश्नाचे उत्तर देतात, तर ‘तार काम करते का’ या प्रश्नाचे उत्तर विद्युत तपासण्यांतून आणि बालकाच्या प्रतिसादातून मिळते. या दोहोंपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही, आणि पालकांचा गोंधळ बहुधा येथूनच सुरू होतो.

तारेची योग्य जागा

आतील कानात, कवटीच्या अत्यंत कठीण हाडाने वेढलेला, गोगलगाईच्या शंखासारखा सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. त्याला कर्णावर्त किंवा कॉक्लिया म्हणतात. त्याचे वेढे उलगडून मोजले, तर लांबी साधारण ३० ते ३५ मिलिमीटर भरते आणि पायाशी त्याची रुंदी जेमतेम ९ मिलिमीटर असते. आतली पोकळी पातळ पडद्यांमुळे तीन मार्गांत विभागलेली असते. त्यांपैकी स्काला टिंपनी नावाचा मार्ग रोपणाच्या तारेसाठी योग्य मानला जातो, कारण तो तुलनेने ऐसपैस असतो, ‘गोल खिडकी’ नावाच्या छोट्या पडदाबंद छिद्रातून त्यात शिरता येते आणि नाजूक पडद्यांना धक्का न लावता श्रवणचेतेच्या पेशींजवळ पोहोचता येते.

तारेवर ओळीने बसवलेले धातूचे लहान स्पर्शबिंदू म्हणजे इलेक्ट्रोड. आज प्रचलित असलेल्या प्रमुख बनावटींपैकी कॉक्लियर कंपनीच्या तारेवर २२, अॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या तारेवर १६ आणि मेड-एलच्या तारेवर १२ इलेक्ट्रोड किंवा इलेक्ट्रोडच्या जोड्या असतात. इतके इलेक्ट्रोड लागण्याचे कारण कर्णावर्ताच्या रचनेत आहे. त्याच्या पायाशी उंच पट्टीचे आणि टोकाकडे खालच्या पट्टीचे आवाज ओळखले जातात. आवाजाची लाट कर्णावर्तात कशी पसरते, हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाला १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी आपल्या पहिल्या रोपण-शस्त्रक्रिया केल्या. पुढे हाउस यांच्या नावाने प्रचारात आलेल्या यंत्रात एकच वाहिनी होती, त्यामुळे आवाजाची चाहूल लागे, पण बोलणे समजणे अवघड जाई. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १ ऑगस्ट १९७८ रोजी अनेक वाहिन्यांचे यंत्र बसवले, तेव्हापासून कोणता इलेक्ट्रोड कर्णावर्तात कोठे आहे, याला मोल आले. जागा बदलली की बालकाला ऐकू येणारा स्वर बदलतो आणि तार कर्णावर्ताबाहेर राहिली, तर तेथील इलेक्ट्रोड निरुपयोगी ठरतात. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

मूल वाढेल तशी तार अपुरी पडेल आणि ओढली जाऊन बाहेर येईल, अशी धास्ती अनेक पालकांना वाटते. कर्णावर्ताचा आकार जन्माच्या वेळीच प्रौढ माणसाइतका असतो, त्यामुळे आतल्या तारेला वाढीचा अडसर होत नाही. वाढते ती भोवतालची कवटी आणि कानामागचे हाड. म्हणून शल्यविशारद त्या भागात तारेचा थोडा सैल वेढा ठेवतात. एक्स-रेवर कानामागे तार वळलेली दिसते ती यामुळेच, त्यात बिघाड नसतो.

शस्त्रक्रियेआधीच्या प्रतिमा

जागेची पडताळणी खरे तर शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. कानाच्या हाडाचा उच्च विभेदनाचा सीटी स्कॅन, ज्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे छेद घेतले जातात, तो हाडाची घडण दाखवतो : कर्णावर्त पूर्ण वेढ्यांचा आहे का, गोल खिडकी जागेवर आहे का, चेहऱ्याची चेता कोणत्या वाटेने जाते, मधल्या कानात पू किंवा सूज आहे का. एमआरआय मऊ भाग दाखवतो : कर्णावर्तातले पाणी मोकळे आहे का आणि श्रवणचेता अस्तित्वात आहे का. ही चेता नसेल किंवा अतिशय क्षीण असेल, तर तार अचूक बसूनही संकेत मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही; अशा बालकाबाबत मेंदूच्या मुळाशी बसवल्या जाणाऱ्या वेगळ्या रोपणाचा विचार करावा लागतो. त्यामुळे दोन्ही तपासण्या सांगितल्या गेल्या, तर त्या दुहेरी खर्चासाठी सांगितल्या आहेत असे समजू नये. एकीचे काम दुसरी करत नाही.

काही बालकांत कर्णावर्ताची घडण जन्मतःच वेगळी असते. कर्णावर्त आणि तोल सांभाळणारा भाग मिळून एकच पोकळी असणे, वेढे अपुरे असणे, किंवा इटलीचे कार्लो मोंदिनी यांनी १७९१ साली वर्णन केलेल्या दोषात शेवटचे वेढे एकमेकांत मिसळलेले असणे, असे त्याचे प्रकार आहेत. अशा कानात तार भरकटण्याचा किंवा कर्णावर्त उघडताच मेंदूभोवतीचे पाणी वेगाने बाहेर येण्याचा संभव जास्त असतो, म्हणून शल्यविशारद तारेची निवड आधीच बदलतात आणि शस्त्रक्रिया चालू असताना प्रतिमा घेण्याची तयारी ठेवतात.

मेंदूज्वरातून, म्हणजे मेनिंजायटिसमधून, उठलेल्या बालकाची गोष्ट निराळी आहे. या आजारानंतर कर्णावर्तात हाड भरू लागते आणि ही क्रिया काही आठवड्यांतही सुरू होऊ शकते. पोकळी एकदा बुजली की तार आत सरकत नाही. म्हणून मेंदूज्वरानंतर मूल हाकेला ओ देईनासे झाले, तर ‘अशक्तपणा गेला की सुधारेल’ या भरवशावर थांबू नये. श्रवणचाचणी आणि ती सदोष आढळल्यास स्कॅन तातडीने करून घ्यावा.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

तार आत सरकवल्यानंतर, बालक भुलेखाली असतानाच, श्रवणतज्ज्ञ संगणकाच्या साहाय्याने दोन तपासण्या करतात. पहिलीत प्रत्येक इलेक्ट्रोडचा विद्युतरोध मोजला जातो. त्यावरून इलेक्ट्रोड तुटला आहे का किंवा दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले गेले आहेत का, हे कळते. दुसरीत इलेक्ट्रोडमधून सूक्ष्म विद्युतधक्का देऊन श्रवणचेता प्रतिसाद देते का, हे पाहिले जाते. दोन्ही तपासण्या समाधानकारक आल्या, तरी जागेचा प्रश्न पुरता सुटत नाही. तारेचे टोक आत जाताना उलटे दुमडले, तर रोध साधारण सारखाच राहतो आणि पुष्कळदा चेतेचा प्रतिसादही मिळतो. दुमड दिसते ती प्रतिमेतच. त्यामुळे अनेक केंद्रांत टाके घालण्याआधी टेबलावरच एक्स-रे घेतला जातो. कानाची घडण अवघड असेल, तर तार सरकताना हलते चित्र दाखवणारे सी-आर्म यंत्र वापरले जाते. टेबलावर दोष दिसला, तर तार त्याच बैठकीत काढून पुन्हा बसवता येते आणि बालकाची दुसरी भूल टळते.

एक्स-रे फिल्म कशी वाचतात

डोक्याचा नेहमीचा समोरून किंवा बाजूने काढलेला एक्स-रे या कामाला पुरत नाही, कारण हाडांच्या सावल्या एकमेकींवर पडतात आणि तारेचे वेढे एका रेषेत मिसळतात. त्यासाठी डोके सुमारे ४५ ते ५० अंशांत वळवून काढलेला विशेष कोनाचा एक्स-रे लागतो; स्टेन्व्हर्स या डच डॉक्टरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचा तो सुधारित प्रकार असून त्याला कॉक्लियर व्ह्यू असेही म्हणतात. परभणीसारख्या ठिकाणी फिल्म काढायची असेल, तर केंद्राच्या चिठ्ठीवर हा कोन आणि कानाची बाजू, डावी की उजवी, स्पष्ट लिहून घ्यावी. चिठ्ठीवर नुसते ‘डोक्याचा एक्स-रे’ असेल, तर तंत्रज्ञ नेहमीची फिल्म काढून देईल, आणि ती शस्त्रक्रियेच्या केंद्रात निरुपयोगी ठरून बालकाला पुन्हा किरण घ्यावे लागतील. एक्स-रेआधी कानामागचे बाहेरचे यंत्र, डूल, केसांचे चाप आणि गळ्यातला धातूचा ताईत उतरवून ठेवावा.

योग्य कोनातल्या फिल्मवर इलेक्ट्रोड पांढऱ्या ठिपक्यांच्या माळेसारखे, गुळगुळीत वळणावर ओळीने दिसतात. वाचणारे डॉक्टर आधी एक संदर्भरेषा आखतात : तोल सांभाळणाऱ्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेच्या शिखरापासून निघून अंतर्कर्णाच्या मध्यभागातून खाली उतरणारी ही रेषा तारेला ज्या बिंदूत छेदते, तो गोल खिडकीचा, म्हणजे कर्णावर्ताच्या दाराचा, अंदाज मानला जातो. त्यानंतर चार गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, या बिंदूच्या आत किती ठिपके आहेत आणि बाहेर किती राहिले. दुसरी, याच बिंदूपासून टोकापर्यंत तार किती अंश वळली. एक पूर्ण वेढा म्हणजे ३६० अंश, आणि हे वळण तारेची लांबी आणि कर्णावर्ताचा आकार यांवर अवलंबून असल्याने दोन बालकांचे आकडे वेगळे असणे स्वाभाविक आहे. तिसरी, ठिपक्यांमधले अंतर सारखे आहे का. मध्येच ठिपके एकमेकांवर चढलेले दिसले, तर तार वाकल्याची किंवा टोक दुमडल्याची शंका येते. आधीच वळण दिलेल्या तारांमध्ये टोक दुमडण्याचे प्रमाण सरळ तारांपेक्षा अधिक आढळते. चौथी, वळण कर्णावर्ताचेच आहे ना. तार क्वचित तोलाच्या नलिकांत किंवा कानाखालच्या हवेच्या कप्प्यांत शिरलेली असते, आणि तेव्हा फिल्मवर अपेक्षित वेढा दिसत नाही.

अहवालात ‘सर्व इलेक्ट्रोड कर्णावर्तात’ असे असेल, तर जागेची मुख्य पडताळणी झाली. एखाद-दुसरा इलेक्ट्रोड बाहेर असल्याचा उल्लेख असेल, तर घाबरून जाऊ नये. असे इलेक्ट्रोड मॅपिंगच्या वेळी, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडची विद्युतमात्रा ठरवताना, बंद ठेवले जातात आणि उरलेल्यांवर बालक चांगले ऐकू शकते. बाहेर राहिलेल्यांची संख्या मोठी असेल किंवा टोक दुमडलेले असेल, तर मात्र पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करायचा की नाही, हे शल्यविशारदांना नेमकेपणाने विचारावे.

सीटी स्कॅन आणि एमआरआय यांची गरज

साधा एक्स-रे तार कर्णावर्तात आहे की नाही, हे सांगतो. ती कर्णावर्ताच्या खालच्या मार्गातच, म्हणजे स्काला टिंपनीत, राहिली की पडदा भेदून वरच्या मार्गात गेली, हे त्यावरून ठरवता येत नाही. तसा प्रश्न उभा राहिला, एक्स-रे संदिग्ध असला किंवा कानाची घडण जन्मतः वेगळी असली, तर सीटी स्कॅन सांगितला जातो. धातूच्या चकाकीमुळे नेहमीच्या सीटीत इलेक्ट्रोड प्रत्यक्षाहून मोठे आणि धूसर दिसतात. काही तारांवर दोन इलेक्ट्रोडमधले अंतर एक मिलिमीटरहूनही कमी असल्याने ते एकमेकांत मिसळतात. शंकूच्या आकाराची किरणशलाका वापरणारा कोन बीम सीटी हा प्रकार या बाबतीत सरस ठरतो. त्यात धातूची चकाकी कमी आणि किरणांची मात्राही बहुधा कमी असते. दंतोपचारासाठी तो शहरांत अनेक ठिकाणी असतो, पण दाताचे प्रत्येक यंत्र कानाच्या हाडाचे चित्र काढू शकत नाही, म्हणून आधी खातरजमा करावी.

रोपणाची जागा पाहण्यासाठी एमआरआय वापरत नाहीत. रोपणाच्या आतल्या भागात, कातडीखाली, चुंबक असतो. एमआरआयच्या बलवान चुंबकीय क्षेत्रात त्याला ओढ बसते, तो सरकू शकतो, बालकाला वेदना होतात आणि चित्राचा त्या बाजूचा मोठा भाग काळवंडतो. पुढे फिट, अपघात किंवा पाठीच्या आजारासाठी एमआरआयची गरज पडली, तर तो कायमचा निषिद्ध असतो असे नाही. कोणत्या बनावटीला १.५ टेस्ला किंवा ३ टेस्ला क्षमतेच्या यंत्रात मुभा आहे, डोक्याला घट्ट पट्टी बांधणे पुरेसे आहे की चुंबक आधी काढावा लागेल, हे बनावटीवर ठरते. म्हणून यंत्राचे ओळखपत्र दाखवल्याशिवाय बालकाला एमआरआयच्या खोलीत नेऊ नये, आणि बाहेरचे यंत्र तर त्या खोलीत कधीच नेऊ नये. एमआरआयनंतर बाहेरच्या यंत्राचे, चुंबकाने डोक्याला चिकटणारे कॉइल तेथे नीट चिकटेनासे झाले किंवा तेथे सूज आली, तर आतला चुंबक हलल्याची शंका घ्यावी. साध्या एक्स-रेवरही चुंबक तिरका झालेला दिसतो.

किरणांची मात्रा

लहान मुलाच्या डोक्यावर वारंवार क्ष-किरण घेणे योग्य का, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. शरीराला मिळणारी किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. माणसाला माती, आकाश आणि अन्न यांतून निसर्गतः वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. डोक्याच्या एका एक्स-रेची मात्रा साधारणपणे ०.१ मिलिसिव्हर्टपेक्षा कमी असते, तर डोक्याच्या सीटी स्कॅनची मात्रा १ ते २ मिलिसिव्हर्टच्या घरात जाते. या फरकामुळेच एक्स-रेने प्रश्न सुटत असेल, तर सीटी टाळला जातो. मुलांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असल्याने ‘एकदा पूर्ण स्कॅन करून टाकू’ असा आग्रह पालकांनी धरू नये. उलट, या तपासणीने उपचारात काय बदलेल, असा प्रश्न विचारावा. उत्तर समाधानकारक असेल, तर भीतीपोटी तपासणी नाकारूही नये. क्ष-किरण यंत्रांवर देशात अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असून केंद्राकडे त्याचा परवाना असणे आवश्यक आहे. मुलांसाठी मात्रा कमी ठेवण्याची सोय आहे का, हे तंत्रज्ञाला विचारण्यात संकोच बाळगू नये.

पुन्हा तपासणी केव्हा करावी

सगळे सुरळीत असेल, तर दरवर्षी एक्स-रे काढण्याची गरज नसते. तपासणीची खरी निकड पुढील लक्षणांत भासते : चांगले ऐकणारे मूल अचानक कमी ऐकू लागणे, यंत्र चालू होताच चेहऱ्याचा स्नायू किंवा पापणी फडफडणे, कानात किंवा कानामागे दुखणे, डोक्यावर पडल्यानंतर आवाज तुटक येणे, अनेक इलेक्ट्रोडचा रोध मॅपिंगच्या वेळी एकदम बदललेला आढळणे. अशा वेळी आधी बाहेरच्या यंत्राची बॅटरी, केबल आणि कॉइल तपासावे, कारण बऱ्याच तक्रारींचे मूळ तेथेच सापडते. त्यानंतर श्रवणतज्ज्ञाची विद्युत तपासणी आणि शेवटी एक्स-रे, असा क्रम ठेवल्यास वेळ, प्रवासखर्च आणि किरण तिन्ही वाचतात.

या टप्प्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या फिल्मचे मोल कळते. तार थोडी बाहेर सरकली आहे का, याचा निर्णय आजची एकटी फिल्म देऊ शकत नाही. पहिल्या फिल्मवर आत असलेल्या ठिपक्यांची संख्या आणि आजची संख्या ताडून पाहिली, तरच तो देता येतो. पोखर्णीच्या कुटुंबाचे बालक शस्त्रक्रियेसाठी मुंबईला, मॅपिंगसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि पडल्यावर तातडीने परभणीला नेले जाणे शक्य आहे, आणि या तिन्ही ठिकाणचे डॉक्टर एकमेकांना ओळखत नसतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे घरातली फाइल. तीत यंत्राचे ओळखपत्र, ज्यावर कंपनी, बनावट, अनुक्रमांक आणि बाजू असते, शस्त्रक्रियेचा अहवाल, आधीच्या सीटी-एमआरआयची सीडी, शस्त्रक्रियेनंतरची पहिली फिल्म, आणि प्रत्येक मॅपिंगचा कागद ठेवावा. फिल्म उन्हात आणि ओलीत खराब होते, म्हणून खिडकीसमोर धरून तिचे फोनवर छायाचित्र काढून ठेवावे; मात्र निदानासाठी सीडीतील मूळ प्रतिमाच लागते, छायाचित्र फक्त सोबतीला. दोन्ही कानांत रोपण असेल, तर प्रत्येक कागदावर डावा-उजवा असा उल्लेख आहे ना, हे तेथल्या तेथे पाहून घ्यावे.

मदत कोठे मिळेल

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. त्याअंतर्गत आरोग्यपथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. बहिरेपणाची शंका आल्यास बालकाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. केंद्र सरकारच्या अॅडिप योजनेतून होणाऱ्या कॉक्लियर इम्प्लांटसाठी मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण दिव्यांगजन संस्था ही समन्वयाचे काम करते. कोणत्याही योजनेतून शस्त्रक्रिया होताना शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे, मॅपिंगच्या फेऱ्या आणि वाचा-श्रवण प्रशिक्षण त्यात धरले आहे का, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

यंत्र साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर दोन ते चार आठवड्यांनी सुरू केले जाते. त्या दिवशी फिल्मवर सर्व ठिपके जागेवर असले, तरी बालकाला आवाजाचा अर्थ लागलेला नसतो. तो लागण्यासाठी नियमित मॅपिंग आणि दीर्घकाळ चालणारे प्रशिक्षण लागते. म्हणून प्रशिक्षण मनापासून होऊनही प्रगती खुंटली, तर जागेच्या तपासणीचा आग्रह धरावा. आणि जागा योग्य असल्याचे प्रतिमेने एकदा सांगितले की पुन्हा पुन्हा फिल्म काढत न बसता तो वेळ आणि पैसा मॅपिंगकडे आणि घरातल्या रोजच्या बोलण्याकडे वळवावा.